गाडीतळ : नाशिकच्या वाटांवरील रात्रमुक्काम

चाकांवरच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना अभ्यासक रस्ते, घाट आणि पूल यांची नोंद घेतात, परंतु दिवसभर चाललेली गाडी रात्री कोठे उभी राहिली, तिला ओढणाऱ्या जनावरांना पाणी कोणी दिले आणि गाडीत झोपलेल्या माणसांवर पहारा कोणी ठेवला, या प्रश्नांकडे सहसा दुर्लक्ष होते. नाशिकच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष खटकते, कारण या परिसरातील रात्रमुक्कामाच्या सोयीचा पुरावा शिलालेखातच कोरून ठेवलेला आहे आणि तो सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजेच पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील या लेखांत त्याच्या दानांची यादी येते आणि तीत भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) या चार ठिकाणी चौसोपी निवासगृहे उभारल्याचा उल्लेख आहे. यांपैकी गोवर्धन हे नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेले आजचे गोवर्धन-गंगापूर होय. निवासगृहांबरोबरच बागा, तळी आणि विहिरी केल्याचे, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उघडल्याचेही लेख सांगतो. चार ठिकाणांची ही निवड सहज झालेली दिसत नाही. भडोच आणि सोपारा ही बंदरे, गोवर्धन हे घाटमाथ्यावरचे विणकरांच्या श्रेणींचे गाव आणि दशपूर माळव्यातले, अशी ती एका व्यापारी मार्गजाळ्याची मोक्याची ठाणी आहेत. त्याच सुमारास ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण हे भडोचपासून सुमारे 20 दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि पैठण व तेर येथील माल धड रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशातून गाड्यांवर घालून भडोचला उतरवला जात असल्याचे म्हटले आहे. वीस दिवसांची वाट म्हणजे जवळजवळ तितक्याच रात्रींचे मुक्काम, आणि उषवदाताची दाने अशाच रात्रींच्या उपयोगाची होती.

बैलगाडीच्या एका दिवसाच्या पल्ल्याला मराठीत मजल म्हणतात. भरलेली गाडी तासाला तीन-चार किलोमीटरहून अधिक चालत नाही आणि दुपारच्या उन्हात बैल सोडावेच लागतात, म्हणून मजल साधारणपणे 20 ते 30 किलोमीटरांची होते. नाशिकहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघाल्यास पिंपळगाव बसवंत सुमारे 30 किलोमीटरांवर, तेथून चांदवड जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आणि मालेगाव त्याहून थोडे लांब लागते. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतरही 30 किलोमीटरांच्या आतले आहे. या गावांच्या भरभराटीला इतर कारणेही होती, परंतु नकाशावरची ही अंतरे बैलांच्या चालीने मोजून पाहिल्यास त्यांच्या पेठा तेथेच का वाढल्या याचा बराचसा उलगडा होतो. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, आणि त्यांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा, विहिरी व घाट पाहता वाटसरूच्या गरजांची त्यांना किती नेमकी जाण होती हे कळते.

गाड्या सोडण्याच्या मोकळ्या जागेला गाडीतळ म्हणत. तळाची जागा निवडताना पाहिली जाई ती नदी, ओढा किंवा विहीर, कारण पाण्याची गरज माणसांना आणि बैलांना होती तशी चाकांनाही होती. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड वाळून आकसते आणि त्याच्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव सैल पडते. अशी चाके रात्रभर पाण्यात राहिली की लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. तळावर पोचल्यावर जू उतरवायचे, दांडीखाली टेकण लावून गाडी समतोल उभी करायची, बैल चाकांना बांधून त्यांच्यापुढे कडबा टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि निघण्यापूर्वी आसाला वंगण घालायचे, हा क्रम ठरलेला असे. लांबच्या वाटेच्या गाडीवर बांबूच्या कामट्यांची कमान करून वर चटई किंवा ताडपत्री टाकत. तिच्याखाली बायकामुले झोपत आणि पुरुष गाडीखाली किंवा बैलांजवळ. घर आणि वाहन एकच असण्याची ही व्यवस्था शेतकरी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली होती आणि सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेला किंवा पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी भरणाऱ्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघताना वेगळी तयारी अशी फार थोडी लागे.

तळावर उतरण्यास गावाची संमती मात्र लागे. पाटलाला कळवल्याशिवाय गाड्या सोडणे धोक्याचे असे, कारण रात्री चोरी झाल्यास तिचा माग काढण्याची जबाबदारी गावावर पडे. पहारा जागल्या आणि येसकर यांचा असे. येसकर म्हणजे गावाच्या वेशीची राखण करणारा महार वतनदार. वाटसरूला पुढच्या गावाची वाट दाखवणे आणि त्याच्या सामानावर नजर ठेवणे ही कामे महारांच्या वतनी कर्तव्यांत मोडत. या व्यवस्थेतला अन्याय येथेच उघडा पडतो. ज्याच्या भरवशावर परक्या गाडीतले लोक निर्धास्त झोपत, तो स्वतः यात्रेला निघाला तर त्याला धर्मशाळेच्या ओसरीवर जागा नसे आणि तळाशेजारच्या विहिरीचे पाणीही काढता येत नसे. मुक्कामाच्या जागा सर्वांच्या होत्या असे जेव्हा कौतुकाने लिहिले जाते, तेव्हा ‘सर्व’ या शब्दातून कोण वगळले होते हे स्पष्ट नोंदवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला आणि 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झालेला ठराव सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही नावानिशी उल्लेख करतो, तो यामुळेच. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली आणि भाऊराव गायकवाड यांच्या संघटनकौशल्यावर उभा राहिलेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह प्रवेशाच्या हक्कासाठी होता, आणि ज्या तीर्थक्षेत्री तो झाला तेथे दर्शन व मुक्काम या दोन्ही गोष्टी एकाच सामाजिक उतरंडीने बांधलेल्या होत्या. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू आणि आळंदी येथे उभारलेल्या धर्मशाळांचे मोल या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे. गरीब यात्रेकरूला रात्री पाठ टेकायला जागा हवी, ही त्यांच्या सगळ्या लोकसेवेतली अगदी रोकडी मागणी होती.

लोहमार्गाने मजलेचे गणित मोडले. थळ घाटातील कसारा-इगतपुरी हा 37 फुटांस 1 फूट चढाचा लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला आणि जो घाट चढण्यासाठी गाडीला जादा बैलजोडी जुंपावी लागे व उतरताना चाके अडवावी लागत, तो आगगाडी झोपेतही पार करून देऊ लागली. नाशिकचे स्थानक मात्र गावापासून आठेक किलोमीटर दूर पडले आणि ही उणीव भरून काढण्यासाठी 1889 च्या सुमारास नाशिक शहर ते नाशिकरोड अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, जिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कालथ्रॉप पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे प्रसिद्धीस आले. ट्राम 1930 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. दूरचे यात्रेकरू आता गाडीबैलाविना येत, तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत उतरत, आणि गोदाकाठची पटांगणे बाजारासाठी व जवळपासच्या गाड्यांसाठी उरली.

याच काळात इंग्लंडमध्ये उलट दिशेने एक नवी हौस जन्माला येत होती. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त डॉक्टराने 1885 मध्ये ‘द वाँडरर’ नावाचे घोड्यांनी ओढायचे फिरते घर बांधून घेतले, 1907 मध्ये तेथे कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे जोडायची लहान निवासी गाडी बाजारात आली. क्लबाच्या स्थापनेमागे जो प्रश्न होता, तो नाशिकच्या गाडीवानाला परका वाटला नसता: रात्री कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या पाण्याजवळ उभे राहायचे.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्यात वाहनाइतकेच महत्त्व कॅरव्हॅन पार्कला, म्हणजे अशी वाहने रात्री उभी करून पाणी, वीज व स्वच्छतागृहाची सोय मिळेल अशा जागेला दिले. धोरणाची ही बाजू योग्य आहे. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा अनुभवही तिला दुजोरा देतो: 27 ऑगस्ट 2003 च्या चेंगराचेंगरीत 39 जणांचे प्राण गेल्यावर पुढच्या, 2015 च्या सिंहस्थात खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना एसटी बसने आत नेण्यावर भर दिला गेला, आणि तपोवनातील साधुग्राम हे तर आखाड्यांच्या मुक्कामाचेच नगर होते.

तरीही जिल्ह्यात आज खऱ्या अर्थाने ओढत नेली जाणारी आणि रात्र रस्त्यावर काढणारी गाडी पर्यटकाची नाही, शेतकऱ्याची आहे. ट्रॅक्टरच्या हुकात दांडा घालून, पिन ठोकून जोडलेली कांद्याची ट्रॉली लासलगाव, पिंपळगाव किंवा उमराण्याच्या बाजार समितीकडे निघते, आणि आवक वाढलेल्या दिवसांत लिलावातला क्रमांक जाऊ नये म्हणून आदल्या रात्रीच रांगेत लावली जाते. पावसाची चिन्हे दिसली की कांद्यावर ताडपत्री ओढायची, ट्रॉलीच्या कडेला किंवा खाली अंथरूण टाकायचे, डबा सोडायचा आणि उजाडण्याची वाट पाहायची. लासलगावची बाजार समिती 1947 मध्ये स्थापन झाली तेव्हा तेथे बैलगाड्या येत आणि त्यांना उभे राहण्याची जागा हा बाजाराच्या आखणीचाच भाग असे. ट्रॉलीत मावणारा माल गाडीच्या कितीतरी पट वाढला, रांग मोठ्या रस्त्यापर्यंत पोचू लागली आणि अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून वाहन आदळण्याची भीती तिच्याबरोबर आली. मागच्या बाजूला परावर्तक पट्टी, आवाराबाहेर कुंपण घातलेली जागा, दिवे, नळ आणि शौचालये एवढीच या मुक्कामाची गरज आहे, आणि पर्यटकांच्या कॅरव्हॅन पार्कसाठी जे निकष 2021 मध्ये लिहिले गेले ते बाजार समितीच्या दारातल्या ट्रॉलीतळाला लावण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही.