अस्तंब्याची वाट

अस्तंबा हा महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सातपुड्यातला सर्वात उंच डोंगर मानला जातो. त्याची उंची सुमारे १,३२५ मीटर. आज तो नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात आहे. १९०६ मध्ये खानदेशाची पूर्व-पश्चिम वाटणी झाली तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला आणि पुढे १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात राहिला. शिखरावर अस्तंबा ऋषीचे, म्हणजे अश्वत्थाम्याचे स्थान आहे. भिल्ल, पावरा आदी समाजांचे यात्रेकरू धनत्रयोदशीपासून दिवाळीपर्यंत तिथे चढून जातात. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात.

खानदेशातल्या इतर डोंगरी यात्रांचा काळ वेगळा आहे. तोरणमाळची यात्रा महाशिवरात्रीला, थंडी ओसरताना भरते. यावलजवळच्या मनुदेवीला नवरात्रात गर्दी होते, पण ते स्थान पायथ्याच्या दरीत आहे. उंच, खडकाळ शिखराची यात्रा नेमकी आश्विन वद्यात येते ती अस्तंब्याचीच. डोंगराच्या दृष्टीने पाहिले तर ही वेळ फार विचाराची वाटते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात खानदेशातून परततो. नाले उतरलेले असतात, पण आटलेले नसतात; त्यामुळे ओढा ओलांडता येतो आणि वाटेत प्यायला पाणीही मिळते. महिनाभर आधी यायचे तर पूर आडवा येतो, उन्हाळ्यात यायचे तर पाण्याविना हाल होतात.

तळोद्याकडून येणारी जुनी पायवाट कोठार, असली, जुना अस्तंबा, भीमकुंड अशा टप्प्यांनी वर जाते. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टच्या थरांचा आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. म्हणून चढ एकसारखा नसतो, कड्यामागून उतार आणि उतारामागून कडा असा येतो. पावसाने सुटलेला मुरूम आणि बारीक दगड या उतारांवर पसरलेले असतात. गिर्यारोहक ज्याला घसारा म्हणतात तो हाच. त्यावर वाळू लागलेले गवत आडवे पडले की पाय ठरत नाही, आणि चढण्यापेक्षा उतरताना त्याचा त्रास जास्त. उन्हाच्या अंगाचे खडक कोरडे झालेले असतात. सावलीतल्या घळींत मात्र शेवाळ टिकून असते. कपड्यांत अडकणारी कुसळे वेगळीच.

चांदण्याचीही मदत नसते. वद्य त्रयोदशी ते अमावास्या या तिथींना रात्र जवळजवळ पूर्ण काळोखी असते; त्रयोदशीची चंद्रकोर उगवते तीही पहाटेपूर्वी थोडा वेळ. रात्री चालणाऱ्यांना पूर्वी मशालीचा आणि आता विजेरीचाच आधार. त्यात अधिक मासामुळे तिथी सरकते. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. २०२० मध्ये आश्विन अधिक आल्याने ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. लवकर आलेल्या दिवाळीत परतीच्या पावसाची भीती, उशिरा आलेल्या दिवाळीत माथ्यावर वारा आणि थंडी.

मैदानातून येणाऱ्या परक्यांना मात्र हाच ऋतू नकोसा होता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज तिथे पोलिटिकल एजंट झाला. भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी डोंगरांत तुकड्या पाठवल्या गेल्या, पण पावसानंतरच्या हिवतापाने शिपाई आजारी पडत. शेवटी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण, खानदेश भिल्ल कोर, उभी केली. ज्या दिवसांत सरकारी शिपायांना हे रान बाधत असे, तेच दिवस इथल्या लोकांनी आपल्या सर्वात उंच शिखरासाठी राखलेले आहेत. परिसराची माहिती कोणाला होती, हे यावरून कळते.

यात्रेमागची कथा महाभारतातली. कपाळावरचा मणी काढून घेतल्यावर अश्वत्थामा भळभळती जखम घेऊन चिरंजीव फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, असे मानतात. सातपुड्यातली श्रद्धा त्याला आणखी एक काम देते: वाट चुकलेल्याला तो रस्ता दाखवतो. काळोख्या रात्री, घसरणाऱ्या उतारावर या श्रद्धेची गरज का पडली असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता वाहने डोंगराच्या जवळपर्यंत पोचतात. पायी चालणे कमी झाले आणि धोक्याची जागा बदलली. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट अरुंद, वळणांचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्यांची पिकअप गाडी तिथे उलटून यात्रेकरूंचे बळी गेले. मालवाहू गाडीत माणसे उभी करून हा घाट उतरणे डोंगर चढण्याहून जास्त घातक आहे. यात्रेच्या दिवसांत तिथे पुरेशा एसटी गाड्या सोडणे हाच त्यावर सरळ उपाय आहे.