फाळक्यांचं व्हर्जन १.०

आमच्या पिंपळे गुरवात शॉर्ट फिल्म 'काढणारे' दोन-तीन जण तरी सहज सापडतील. स्क्रिप्ट तयार, कॅमेरा खिशातल्या फोनमध्ये. अडलंय कुठे? मनासारखी हिरॉईन मिळत नाही! अशांना मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतो.

१९१२ साली चाळिशी ओलांडलेले फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला का? छे! आधी कुंडीत वाटाणा लावला आणि तो वाढताना थोडं थोडं चित्रण करत जेमतेम मिनिटभराची फिल्म केली. हा त्यांचा डेमो. तो दाखवून भांडवल मिळवलं. तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

मग घोडं अडलं तारामतीपाशी. एकही बाई काम करायला तयार होईना. घरातलं सोनं गेलेलं आणि नायिकेचा पत्ता नाही! थांबले असते तर कोणी नावं ठेवली नसती. फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सिनेमा लागला.

खरी गंमत पुढेच आहे. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघीही पडद्यावर आल्या. म्हणजे ज्याच्यासाठी अडून बसायचं, ते पहिलं काम हातावेगळं झाल्यावर मिळालं.

आपण मात्र २.० च्या अटी १.० वर लादतो, आणि रिलीज काही होत नाही. असो. तारामती मिळेल तेव्हा मिळेल; तोवर वाटाणा तरी पेरा.