दोन सूत आणि सहा मिलिमीटर

मंडळी, या वीकेंडला ना जावा ना डेटाबेस, थोडं सुतारकाम. आणि सुतारकाम म्हटलं तरी खरा विषय इतिहासच आहे.

फर्निचरच्या मिस्त्रींकडे हल्ली एक छोटं मशीन हमखास असतं. कुणी त्याला राउटर म्हणतं, कुणी ट्रिमर. सनमायकाच्या कडा साफ करायच्या, बिजागरीची खाच पाडायची, दाराला नक्षी काढायची, सगळं तेच करतं. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे. कापणारा दात म्हणजे बिट. तो बिट ज्या चिरा पाडलेल्या नळीत धरला जातो ती कॉलेट. नट आवळला की नळी निमुळत्या भोकात दाबली जाते, चिरा मिटतात आणि बिट पकडला जातो. ऐकायला सोपं आहे. अडचण सोडवताना येते, कारण काम संपल्यावर बिट कधी कधी बाहेरच येत नाही.

गेल्या वर्षी धाराशिवला घरच्या कपाटाचं काम चालू होतं. मिस्त्री पक्कड घेऊन मशीनशी झटत होते. "दादा, बिट निघंना झालाय. हाणू का हातोडी?" मी म्हटलं, "थांबा मिस्त्री, आतले बेअरिंग जातील." त्यांचं उत्तर बिनतोड होतं, "आन् नाय निघाला तर आजचा रोज जाईल, त्याचं काय?" मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. एका सहा मिलिमीटरच्या दांडीवर एवढं अवलंबून असतं.

तर हे अडकतं का? यामागे तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट पाचरीची. आपल्या जुन्या वाड्यांच्या सांध्यात पाचर मारलेली दिसते. निमुळता तुकडा ठोकला की घर्षणानेच बसतो. कोन जेवढा कमी तेवढी पकड पक्की, आणि तेवढाच तो काढणं अवघड. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी 1864 च्या सुमारास ड्रिल धरण्यासाठी हीच युक्ती वापरली. त्यांच्या 'मोर्स टेपर'चा उतार साधारण वीसास एक आहे. तो आपोआप धरतो, पण आपोआप सोडत नाही. म्हणून बाजूच्या फटीत चपटी पाचर घालून तो ठोकून काढावा लागतो. म्हणजे पाचर काढायला पुन्हा पाचरच!

कॉलेट हा याच घराण्यातला. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने 1972 मध्ये 'ईआर' कॉलेट आणला आणि 1993 मध्ये तो जर्मन मानकात आला. त्याचा कोन एका बाजूला आठ अंश, म्हणजे मोर्सपेक्षा बराच उभा. तरीही तो थोडा चिकटतोच. म्हणून त्याच्या नटमध्ये एक कडं असतं, नट उलटा फिरवला की ते कॉलेटला ओढून बाहेर काढतं. चांगल्या राउटरमध्येही अशीच सोय असते. पाना फिरवला की नट सुटतो, थोडा मोकळा फिरतो आणि पुन्हा घट्ट लागतो. बरेच जण इथेच थांबून पक्कड शोधतात. खरं तर ती दुसरी अढी म्हणजेच ओढण्याची सुरुवात. तिथेच पाना पुन्हा लावायचा.

दुसरी गोष्ट राउटरची. आधी हे काम हाताच्या रंध्याने व्हायचं. स्टॅन्लीचा खाच पाडायचा रंधा 1880 च्या दशकातला. विजेवर चालणारा, हातात धरायचा राउटर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या सिराक्यूज गावच्या आर. एल. कार्टर यांनी विकायला आणला आणि 1929 मध्ये तो धंदा स्टॅन्लीने घेतला. म्हणजे या यंत्राच्या घडणीत इंच पहिल्यापासूनच मुरलेला. बिटची दांडी पाव इंच नाहीतर अर्धा इंच.

तिसरी गोष्ट आपल्याकडची. आपला सुतार इंचाचे आठ भाग करतो, एक भाग म्हणजे एक सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. भारताने मेट्रिकचा कायदा 1956 मध्ये केला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. सरकारी कागद बदलले, जीभ बदलली नाही. आजही प्लायवूड मागताना आपण 'आठ बाय चार, अठरा एमएम' म्हणतो. लांबी-रुंदी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि कुणालाच खटकत नाही!

आमच्या जिल्ह्याला तर अशा दुहेरी हिशोबाची जुनी सवय. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा. सात हाली रुपये म्हणजे सहा सरकारी रुपये. हे गणित बाजारातल्या माणसाला तोंडपाठ असावं लागे. पोलीस कारवाई 1948 ची, पण हाली सिक्का पूर्ण बंद झाला 1959 मध्ये. योगायोग बघा, त्याच 1959 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी इंच बरोबर 25.4 मिलिमीटर असा पक्का केला.

म्हणजे दोन सूत बरोबर 6.35 मिलिमीटर. आणि बाजारात सहाचे बिटही मिळतात, सहाचे कॉलेटही. फरक 0.35 चा, तीन-चार कागदांच्या जाडीएवढा. डोळ्याला तो दिसत नाही. दोन सुताचा बिट सहाच्या कॉलेटमध्ये जोर लावून घातला तर रुतून बसतो. उलटं केलं, तर कॉलेट नको तेवढा मिटतो, फक्त कडांनी धरतो, बिट आत घसरतो, तापतो आणि दोघांवर चरे पडतात. मग पुढचा योग्य मापाचा बिटही त्यात अडकतो. आणि तीस हजार फेऱ्यांवर बिट सुटून बाहेर आला तर प्रश्न बोटांचा असतो.

हाली रुपयावर शिक्का तरी वेगळा असायचा. इथे दोन्ही दांड्या सारख्याच चकाकतात.

उपाय साधे आहेत. बिट आणि कॉलेटवरचं माप वाचा, दोन्ही मापं वेगळ्या डब्यांत ठेवा. बिट तळाला टेकवू नका, दोन-तीन मिलिमीटर वर उचलून मग नट आवळा. नाहीतर दांडीचा गोलसर भाग कॉलेटमध्ये सापडतो. भुसा आणि राळ साफ करा. बिट नसताना नट आवळून ठेवू नका. आणि अडकलाच तर आधी प्लग काढा, मशीन गार होऊ द्या, नट थोडा सैल करून जागेवरच ठेवा आणि लाकडाच्या ठोकळ्याने नटच्या बाजूंवर हलकेच टकटक करा. पक्कड लावून बिट पिळू नका, दांडीवर ओरखडे उठले की तो बिट पुन्हा नीट बसणार नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एकक चुकलं की त्याला बग म्हणतो आणि सोमवारी दुरुस्त करतो. मिस्त्रींचा रोज मात्र शनिवारी बुडतो. म्हणून पुढच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानात बिट घ्याल तेव्हा एवढं विचारा, "दोन सूत का सहा एमएम?" दुकानदार 'एकच असतंय' म्हणाला, तर दुकान बदला.