ध्वनिमुद्रिकेतील साथ : तत्कालीन वाद्यांचा पुरावा

मोझार्टच्या सहा सोनाटा १७७८ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाल्या. त्या क्लाव्हसँ किंवा फोर्तेपियानोकरिता असून व्हायोलिन केवळ साथीला आहे, असे त्यांच्या मुखपृष्ठावर नमूद होते. लोखंडी चौकटीच्या आधुनिक पियानोवर त्या ऐकल्या म्हणजे हे विधान चमत्कारिक वाटते. कारण पियानोच्या भरदार नादाखाली व्हायोलिन झाकले जाते व वादकास जोर करावा लागतो. फोर्तेपियानोचा स्वर हलका असतो आणि उमटताच विरू लागतो. आतड्याच्या तारांचे व्हायोलिन त्याच्या कडेने सहज चालते. रेचेल पॉजर व गॅरी कूपर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तत्कालीन धर्तीच्या वाद्यांवर ज्या मुद्रिका केल्या, त्यांत 'साथ' हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. अर्थात मोझार्टकालीन वादनाची मुद्रिका अस्तित्वात असणे शक्यच नाही. तेथे वाद्यावरून नादाचे अनुमान करावे लागते.

मराठी नाट्यसंगीताच्या अभ्यासकाला नाद उपलब्ध आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत पुढे ऑर्गन आणि कादरबक्ष यांची सारंगी ही जोडी प्रसिद्धीस आली. एक पट्ट्यांचे, स्थिर स्वरांचे वाद्य. दुसरे गजाचे, हवा तो स्वर देणारे. या दोहोंत साथ कोण कोणाची करीत होते?

तबकडीवर विसंबताना सावध राहणे अवश्य आहे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर स्वर सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराइतका चढतो. केवळ तबकडीवरून गायकाची पट्टी ठरविणारे हे विसरतात. १९२५ पूर्वी मुद्रण कर्ण्यातून होई. कोणते वाद्य कर्ण्याजवळ ठेवले यावर त्याचा ठसा अवलंबे. त्यामुळे नाट्यगृहातील तोल त्या मुद्रिकांत शोधणे व्यर्थ होय.

परंतु दोन स्वरांमधील प्रमाण वेगाने बदलत नाही. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५:४, म्हणजे १.२५, बारा समान भागांच्या सप्तकात ते १.२६ च्या आसपास जाते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, ते याच जातीच्या अंतरांसाठी. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य त्यांना लाभले होते. पुढे देवल व न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या प्रेरणेने लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने श्रुतिहार्मोनियम घडविले. १९१६ च्या बडोदे परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. तो वाद कानाने आणि अधिकारवाणीने लढला गेला. मोजणीस तेथे फारसा वाव नव्हता.

आज तो आहे. पदाच्या दोन ओळींमधील जागेत ऑर्गन व सारंगी एकाच गंधारावर स्थिरावतात, तेथे सारंगी १.२६ कडे सरकते की १.२५ वर राहते, हे संगणकाने पाहता येते. मींड वगळावी, तबकडीचे छिद्र किंचित बाजूला असल्यास स्वर दर फेरीस हेलकावतो, म्हणून एका पूर्ण फेरीची, सुमारे पाऊण सेकंदाची, सरासरी घ्यावी. सारंगी ऑर्गनच्या स्वराला धरून राहिली तर पट्ट्यांचे वाद्य प्रमुख होते. आपल्या गंधारावर अढळ राहिली तर ऑर्गन हे निव्वळ भरीसाठी होते, असे म्हणावे लागेल. गायक कोणाकडे झुकतो, हा प्रश्न मग आपोआपच पुढे येतो.

या मोजणीस ताळा जुन्या ऑर्गनांचाच. त्यांचे पितळी रीड खरवडून सुरात आणतात आणि खरवडलेले पितळ परत येत नाही. असे वाद्य दुरुस्तीस देण्यापूर्वी प्रत्येक पट्टीचा स्वर मोजून ठेवला पाहिजे. एका दुपारचे ते काम आहे.