मायक्रो चॅनलची तटबंदी

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याच्या सर्वांत साध्या रूपाची किंमत १,५६५ डॉलर होती आणि आत इंटेलची ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाची ८०८८ ही चिप होती. यंत्र म्हणून त्यात फारसे अपूर्व काही नव्हते. ॲपल २ चार वर्षे आधीच बाजारात आला होता. नवी होती ती यंत्र जुळवण्याची रीत. मोठ्या संगणकांचा बहुतेक प्रत्येक भाग स्वतः घडवणाऱ्या या कंपनीने या वेळी जवळपास सगळे भाग बाहेरून आणले.

त्यामागे औदार्य नव्हते, घाई होती. घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या संगणकांचा बाजार वाढत होता आणि आयबीएमला त्यात स्थान नव्हते. कंपनीच्या नेहमीच्या पद्धतीने नवे यंत्र तयार व्हायला कित्येक वर्षे गेली असती. विल्यम लोवे यांनी ते वर्षभरात करून दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या गटाने ते काम तडीस नेले. एवढ्या मुदतीत स्वतःची चिप घडवणे शक्यच नव्हते. चिप इंटेलची घेतली. फ्लॉपी ड्राइव्ह भारतातून अमेरिकेत गेलेल्या जुगी टंडन यांच्या कंपनीचा घेतला आणि छपाईयंत्र एप्सनचे. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून आली. मायक्रोसॉफ्टनेही ती सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतली होती. मात्र तीच प्रणाली इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. त्या करारातले हे एक कलम पुढे आयबीएमला कोणत्याही खटल्यापेक्षा महाग पडले.

यंत्राच्या मदरबोर्डवर जादा कार्डांसाठी पाच स्लॉट होते. इतर कंपन्यांनी अशी कार्डे बनवावीत म्हणून आयबीएमने एक जाडजूड तांत्रिक पुस्तिका विकायला ठेवली. तिच्यात मंडलांच्या आकृत्या होत्या, प्रत्येक स्लॉटच्या प्रत्येक टोकाचे काम दिले होते, आणि ‘बायॉस’ नावाच्या प्रोग्रामची पूर्ण यादी ओळीनुसार छापली होती. यंत्र सुरू होताच जागा होणारा आणि कार्यप्रणाली व यंत्रसामग्री यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा हा प्रोग्राम अवघा ८ किलोबाइटचा होता. बाकीचे सगळे बाजारात मिळत होते. आयबीएमच्या स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे एवढेच होते.

या ८ किलोबाइटचे संरक्षण कायद्याने कसे करायचे, हा त्या काळी अवघड प्रश्न होता. प्रोग्रामला पेटंट मिळते का, यावर अमेरिकेत वाद चालू होता. मार्टिन गोएट्झ यांना १९६८ मध्ये सॉर्टिंगच्या एका पद्धतीसाठी पेटंट मिळाले होते आणि सॉफ्टवेअरचे पहिले पेटंट म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गॉटशाल्क विरुद्ध बेन्सन आणि १९७८ च्या पार्कर विरुद्ध फ्लूक या खटल्यांत निव्वळ गणिती रीतीला पेटंट नाकारले. मार्च १९८१ मध्ये, म्हणजे पीसी बाजारात येण्याच्या पाच महिने आधी, डायमंड विरुद्ध डीहर खटल्यात रबर पक्के करण्याच्या संगणकनियंत्रित प्रक्रियेला पेटंट मिळू शकते असे ठरले आणि दार किलकिले झाले. दुसरीकडे १९८० मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन प्रोग्रामला पुस्तकासारखे संरक्षण मिळाले होते. आयबीएमने बायॉसची भिस्त कॉपीराइटवर ठेवली. छापील यादीमुळे एक गोष्ट सोपीही झाली होती: ती वाचून कोणी बायॉस लिहिला तर नक्कल सिद्ध करायला वेगळा पुरावा शोधावा लागला नसता.

परंतु कॉपीराइट शब्दांना मिळतो, कामाला नाही. तेच काम करणारा प्रोग्राम कोणी मूळ मजकूर न पाहता नव्याने लिहिला तर कायदा त्याला हात लावू शकत नव्हता. नकला करणाऱ्यांचा सगळा उद्योग या एका फटीतून उभा राहिला.

कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स या कंपनीने जून १९८२ मध्येच आयबीएमशी जुळणारे यंत्र आणले, पण ही रीत खऱ्या अर्थाने रुजवली ती कॉम्पॅकने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये ह्यूस्टन येथे ही कंपनी स्थापन केली. त्यांनी बायॉसचे काम दोन वेगळ्या गटांत वाटले. पहिल्या गटाने आयबीएमची यादी वाचायची आणि बायॉस काय काय करतो हे फक्त वर्णनाने लिहून ठेवायचे. कसे करतो ते लिहायचे नाही. दुसऱ्या गटात मूळ यादी कधीही न पाहिलेले लोक असायचे. त्यांनी ते वर्णन समोर ठेवून नवा प्रोग्राम लिहायचा. या पद्धतीला ‘क्लीन रूम’ म्हणतात. ती खर्चिक आणि कंटाळवाणी होती, आणि तिच्यातला प्रत्येक टप्पा कागदोपत्री नोंदवून ठेवावा लागे, कारण उद्या न्यायालयात तोच पुरावा ठरणार होता.

कॉम्पॅकचा पोर्टेबल संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. त्याला पोर्टेबल म्हणणे धाडसाचेच होते. शिलाई यंत्राएवढ्या त्या पेटीचे वजन १२ किलोच्या वर भरे. तरी त्यावर आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम जसेच्या तसे चालत, आणि गिऱ्हाइकाला तेवढेच हवे होते. पहिल्याच वर्षात कंपनीची विक्री ११ कोटी १० लाख डॉलरवर गेली.

सगळ्यांनी एवढी काळजी घेतली नाही. ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर आयबीएमने १९८४ मध्ये बायॉसच्या कॉपीराइटभंगाचा दावा लावला, आणि दोघींनाही आपला बायॉस बदलण्याचे मान्य करावे लागले. आदल्याच वर्षी ॲपलने फ्रँकलिन या कंपनीविरुद्धचा खटला अपिलात जिंकला होता. चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रामलाही कॉपीराइट लागू होतो असे त्यात ठरले होते. उचलेगिरीचा रस्ता त्यामुळे बंद झाला, पण क्लीन रूमचा रस्ता आणखी भक्कम झाला. १९८४ मध्येच फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने याच रीतीने बायॉस लिहून घेतला आणि तो मागेल त्याला विकायला काढला. आता आयबीएमसारखा संगणक बनवायला वकिलांची फौज लागत नव्हती. चिप इंटेलकडून, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून आणि बायॉस फिनिक्सकडून घेतला की यंत्र जुळवता येत होते. तैवानमधल्या कारखान्यांनी नेमके हेच केले. क्लीन रूमच्या नोंदी पुराव्यादाखल टिकतात हे १९८९ मध्ये एनईसी आणि इंटेल यांच्यातल्या चिपच्या खटल्यात न्यायालयानेही मान्य केले.

भारतातून आयबीएम १९७८ मध्ये, परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी मान्य न झाल्याने, निघून गेली होती. तरीही नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर इथल्या कार्यालयांत जे संगणक आले त्यांतले बहुतेक आयबीएमच्या धर्तीचे होते. उघड्या स्लॉटचा फायदा मराठीलाही झाला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले मोहन तांबे यांचे जिस्ट तंत्रज्ञान तिथे कार्डाच्या रूपात बाजारात आले. ते कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले की मायक्रोसॉफ्टच्या डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. त्यासाठी आयबीएमची परवानगी मागावी लागली नाही की प्रोग्राम लिहिणाऱ्यांची.

दरम्यान पीसीच्या घरातच आयबीएमचे वर्चस्व ओसरू लागले होते. सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकने इंटेलच्या ८०३८६ चिपवर आधारलेला डेस्कप्रो ३८६ आणला. ही चिप वापरणारे आयबीएमचे यंत्र तेव्हा तयार नव्हते. नक्कल करणारा मूळ कर्त्याच्या पुढे गेल्याचे हे पहिलेच ठळक उदाहरण, आणि आयबीएमच्या वरिष्ठांना ते झोंबल्याशिवाय राहिले नसणार.

उत्तर २ एप्रिल १९८७ रोजी आले. त्या दिवशी जाहीर झालेल्या पीएस/२ मालिकेतल्या वरच्या यंत्रांत जुने स्लॉट नव्हते. त्यांच्या जागी ‘मायक्रो चॅनल’ नावाची नवी बस होती. बस म्हणजे मदरबोर्ड आणि कार्डे यांच्यात माहितीची ने-आण करणारा तारांचा सामाईक मार्ग. तांत्रिक दृष्टीने मायक्रो चॅनल जुन्या बसपेक्षा निश्चित सरस होती. तिच्यात ३२ बिटांची सोय होती. जुन्या कार्डांवर बारीक जंपर हाताने बसवून दोन कार्डांची भांडणे सोडवावी लागत. इथे ते काम एका फ्लॉपीवरच्या प्रोग्रामने होत असे. चांगले यंत्र बनवण्यात आयबीएमचे अभियंते कमी पडले नाहीत.

गडबड अटींत होती. या वेळी भिस्त कॉपीराइटवर नव्हती. मायक्रो चॅनल पेटंटांनी बांधलेली होती. पेटंट असलेल्या मंडलाची क्लीन रूममध्ये नव्याने रचना केली तरी सुटका नसते, कारण पेटंट मजकुराला नव्हे तर कल्पनेच्या अंमलबजावणीला मिळते. १९८१ ची फट अशी बुजवली गेली. परवाना हवा असेल त्याने विक्रीच्या ५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्यावी, शिवाय पूर्वी विकलेल्या जुन्या धर्तीच्या यंत्रांबद्दलही आयबीएमच्या पेटंटांचे पैसे भरावेत, अशी मागणी पुढे आली. थोड्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात ५ टक्के म्हणजे जवळपास सगळा नफाच. टँडीसारख्या एखाद्या कंपनीने मायक्रो चॅनलचे यंत्र काढूनही पाहिले, पण ते चालले नाही. जुने कार्ड नव्या यंत्रात बसत नसल्याने गिऱ्हाइकालाही घेतलेली सगळी कार्डे टाकून द्यावी लागली असती.

१३ सप्टेंबर १९८८ रोजी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इसा’ या वेगळ्या ३२ बिटांच्या बसची घोषणा केली. कॉम्पॅक त्यांच्या पुढे होती. सोबत एएसटी, एप्सन, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, वाइज आणि झेनिथ होत्या. वृत्तपत्रांनी त्यांना ‘नऊ जणांची टोळी’ म्हटले. एरवी या कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइके पळवत. इसाच्या स्लॉटची रचना मोठी चतुर होती: त्यात संपर्कपट्ट्यांचे दोन थर होते. जुने कार्ड वरच्या थरापर्यंतच जाई आणि पूर्वीसारखे चाले. नवे कार्ड खोलवर जाऊन खालच्या थरालाही टेके. आयबीएमच्या १९८४ च्या एटी यंत्रातल्या जुन्या बसला ‘आयसा’ हे नावही तेव्हा याच कंपन्यांनी दिले. ज्या वस्तूला तोवर सगळे ‘एटी बस’ म्हणत, तिच्या नावातूनच आयबीएमला वगळले गेले. त्याच महिन्यात खुद्द आयबीएमने जुन्या बसचे एक पीएस/२ यंत्र विकायला काढले, आणि निकाल काय लागणार हे बाजाराने ओळखले.

इसाही घराघरांत पोहोचली नाही. ती महाग होती आणि मुख्यतः सर्व्हरमध्ये राहिली. दोन्ही बाजूंना बाजूला सारले इंटेलच्या पीसीआय बसने, जिचे पहिले प्रमाण १९९२ मध्ये निघाले. इंटेलने ते बिनबोभाट सर्वांना वापरू दिले. तिला बसवर पैसे मिळवायचे नव्हते. चिपा विकायच्या होत्या. पीसीच्या साऱ्या इतिहासात ‘खुले’ या शब्दाचा अर्थ बहुधा असाच राहिला: प्रत्येक कंपनीला शेजाऱ्याचा थर खुला हवा होता आणि स्वतःचा बंद. बायॉस, बस, पेटी आणि कार्डे खुली झाली तेव्हा त्यांच्यावरचा नफा आटला, आणि तो इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन बंद थरांकडे वाहत गेला. कॉम्पॅकने १९९४ मध्ये विक्रीत आयबीएमला मागे टाकले खरे, पण २००२ मध्ये ती स्वतःच ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली.

पीएस/२ मधले जे टिकले ते पाहण्यासारखे आहे. पडद्यासाठीचे व्हीजीए आणि कीबोर्ड-माउसचे छोटे गोल पोर्ट इतर कंपन्यांनी सर्रास उचलले आणि ते पुढे दोन दशके जवळपास प्रत्येक संगणकावर दिसत राहिले. बाकीच्यांना बाहेर ठेवण्यासाठी उभारलेली बस मात्र इतिहासजमा झाली.

पेटंटांचा धडा आयबीएमने वेगळ्या रीतीने घेतला. अनेक कंपन्यांनी तिच्याशी परवान्याचे करार करून मुकाट्याने पैसे भरले होते, आणि परवान्यांचे उत्पन्न पुढे कंपनीच्या नियमित कमाईचा भाग बनले. १९९३ पासून २०२१ पर्यंत दरवर्षी अमेरिकेत सर्वाधिक पेटंटे मिळवणारी कंपनी आयबीएमच होती. अमेरिकी न्यायालयांनी सॉफ्टवेअरच्या पेटंटांना १९९८ च्या स्टेट स्ट्रीट निकालाने मोकळी वाट दिली आणि २०१४ च्या ॲलिस निकालाने ती बरीच आवळली. भारताने पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारले. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे कलम सैल केले होते, पण मार्च २००५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात ती सूट राहिली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आयबीएमने पीसीचा आपला सगळा व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीला विकला. लेनोवोचा, म्हणजे पूर्वीच्या लीजंडचा, १९८० च्या दशकातला पहिला यशस्वी माल म्हणजे चिनी लिपी दाखवणारे एक कार्ड होते, आणि तेही आयबीएम धर्तीच्या पीसीच्या स्लॉटमध्येच बसत असे.