भूदृश्य छायाचित्रणातील आकाश आणि पोत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

छायाचित्रावर संगणकाच्या साहाय्याने जुना कागद, गिलावा, कापड किंवा ओरखडे यांचा पोत चढविणे, एका प्रसंगीचे आकाश दुसऱ्याच भूदृश्यावर बसविणे, या गोष्टींकडे संगणकयुगाची देणगी म्हणून, आणि बऱ्याचदा संगणकयुगाचा दोष म्हणून, पाहिले जाते. भूदृश्य छायाचित्रणाच्या आरंभीच्या दशकांचा इतिहास लक्षात घेतल्यास हे मत टिकत नाही. जुनी छायाचित्रे इतिहासाचे साधन म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कलेचा नाही. १८५० च्या दशकातील छायाचित्रात दिसणारा ढग त्या दिवशी आकाशात होताच, असे गृहीत धरता येत नाही.

याचे मूळ रसायनात आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची काच असो वा तिच्याआधीची कागदी निगेटिव्ह असो, दोहोंवरील रौप्यक्षारांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई, हिरव्या व तांबड्याचा अत्यल्प. झाडी व जमीन नीट उमटेपर्यंत भिंग उघडे ठेवले की आकाशाचा भाग निगेटिव्हवर गडद होई आणि मुद्रणात कोरा पांढरा उतरे. गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६ नंतरच्या आपल्या सागरदृश्यांत यावर उपाय योजला. समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून त्यांनी दोन्हींचे मुद्रण क्षितिजरेषेवर सांधले. त्यांच्या ढगांची एकच निगेटिव्ह एकाहून अधिक समुद्रांवर आढळते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

भारताशी संबंधित उदाहरण याहून उद्बोधक आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी लिनियस ट्राइप हे १८५५ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी ब्रह्मदेशाच्या दरबारी पाठविलेल्या शिष्टमंडळाबरोबर छायाचित्रकार म्हणून गेले. ते मेणकागदाच्या निगेटिव्ह वापरीत. कागदाच्या तंतूंचा पोत मुद्रणात उतरे. मेणामुळे तो कमी होई, पूर्णपणे जात नसे. म्हणजे पोत येथे वरून आणलेला नव्हता, तो माध्यमातच होता. त्यापुढे जाऊन ट्राइप यांनी अनेक निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगविले, पानोळा सुधारला. निगेटिव्हवर जेथे रंग चढतो तेथे प्रकाश अडतो आणि मुद्रणात तो भाग उजळ उमटतो, एवढ्या साध्या तत्त्वावर हे काम चाले. आता त्यांची अमरपूरची छायाचित्रे घ्यावीत. पुढे थोड्याच वर्षांत राजधानी मंडाले येथे हलविण्यात आली आणि अमरपूरच्या राजवाड्यातील इमारती उकलून तिकडे नेण्यात आल्या. त्यामुळे त्या नगरीच्या अभ्यासकाला ट्राइप यांच्यावाचून गत्यंतर नाही. त्यातील वास्तू विश्वसनीय, आकाश मात्र हाताने घडविलेले, असा भेद एकाच कागदावर करावा लागतो. याच ट्राइप यांनी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेखाची २१ मुद्रणे जोडून सुमारे १९ फूट लांबीचे एक सलग चित्र सिद्ध केले. तेथे जोडकामाचा हेतू अक्षरे जशीच्या तशी मिळविणे हा होता. तंत्र जोडण्याचेच; दावा मात्र सर्वस्वी निराळा.

पुढील वादाचा इतिहास सुपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोबेर दमाशी यांच्यासारख्यांनी गम बायक्रोमेट पद्धतीत कुंचल्याचा व खरबरीत कागदाचा पोत हेतुपुरस्सर आणला. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातील एफ/६४ गटाने त्याविरुद्ध तीक्ष्ण, अस्पर्शित प्रतिमेचा पुरस्कार केला. या गटातील ॲन्सेल ॲडम्स मुद्रणाच्या वेळी आकाश गडद आणि खडक उजळ करण्यात मातब्बर होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

संगणकाने या परंपरेत जी भर घातली ती वेगाची आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, खुणा पुसण्याची. नॅशनल जिऑग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकविण्यात आले, तेव्हा नुसत्या मुखपृष्ठावरून वाचकाला त्याचा थांग लागणे कठीण होते. १९९० मध्ये आलेल्या फोटोशॉपमध्ये १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्तरांची सोय झाली. पोताचे चित्र भूदृश्यावर स्वतंत्र स्तर म्हणून ठेवून ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने मिसळले की पोताचा पांढरा भाग खालचे चित्र तसेच राहू देतो आणि काळा भाग ते झाकोळतो. दोन पारदर्शिका एकमेकींवर ठेवून पाहावे तसा हा परिणाम असतो. ट्राइप यांच्या ज्या कागदी निगेटिव्ह शिल्लक आहेत त्यांवर रंगाचे फटकारे आजही पाहता येतात. संगणकीय चित्रात तसा पुरावा स्तरांसह जतन केलेली फाइल आणि कॅमेऱ्यातील मूळ फाइल यांतच असतो. जेपीईजी स्वरूपात चित्र साठविले की सर्व स्तर एकजीव होतात, आणि संग्रहालयांत व विभागीय संग्रहांत सामान्यतः येऊन पोहोचते ते हेच स्वरूप.