सोलापूरचा पॉली : मद्रास कसोटीच्या तोंडावर कर्णधारपद सोडणारा उम्रीगर (थ्रेड)

सोलापूर म्हटले की गिरण्या, चादरी आणि १९३० चा मार्शल लॉ आठवतो. याच गिरणगावात कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका पारशी कुटुंबातील मुलगा पुढे भारतासाठी सर्वाधिक कसोटी धावा करणारा फलंदाज झाला. पहलन रतनजी उम्रीगर, म्हणजेच पॉली. जन्म २८ मार्च १९२६. बालपण सोलापुरात गेले. शालेय वयातच कुटुंब मुंबईला आले.

त्या काळी मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मानुसार उभे राहत. १९४४ मध्ये, अठराव्या वर्षी, पॉली पारशी संघातून पंचरंगी स्पर्धेत उतरला. ही स्पर्धा थोड्याच वर्षांत कायमची बंद झाली, पण पॉलीची खरी ओळख घडली ती विद्यापीठाच्या क्रिकेटमधून. १९४८ मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच दौऱ्यात ब्रेबॉर्नवर त्याचे कसोटी पदार्पण झाले.

फेब्रुवारी १९५२, मद्रास. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. सामना सुरू झाला त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज निवर्तले. विनू मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय यांनी १११ धावा केल्या आणि उम्रीगर १३० धावांवर नाबाद राहिला. भारत एक डाव आणि ८ धावांनी विजयी झाला. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा हा पहिला विजय होता.

अवघ्या चार महिन्यांत चित्र उलटले. इंग्लंडमध्ये फ्रेड ट्रूमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज उभा ठाकला. हेडिंग्लेला भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले. मँचेस्टरला सारा डाव ५८ धावांत आटोपला. उम्रीगरच्या वाट्याला सात कसोटी डावांत ४३ धावा आल्या. विशेष म्हणजे त्याच दौऱ्यात कौंटी संघांविरुद्ध तो द्विशतके झळकावत होता! ‘ट्रूमनला घाबरून लेगकडे सरकणारा फलंदाज’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो याच उन्हाळ्यात. आजही अनेक जण त्याच्याविषयी एवढेच सांगतात, आणि ते अन्यायकारक आहे. कारण पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये त्याने पाच कसोटींत ५६० धावा केल्या. १९५९ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि ज्या मँचेस्टरला धूळधाण उडाली होती, तिथेच त्याने ११८ धावा काढल्या.

नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. कसोटीतील भारतीयाचे हे पहिले द्विशतक. पुढच्या सामन्यापासून कर्णधारपद त्याच्याकडे आले आणि ती मालिका भारताने २-० अशी जिंकली.

आता मुख्य प्रसंग. १९५८-५९ ची वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका. समोर वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट. पहिल्या कसोटीत उम्रीगर कर्णधार, नंतरच्या दोन कसोटींत गुलाम अहमद. ते बाजूला झाल्यावर मद्राससाठी पुन्हा उम्रीगर. विजय मांजरेकर जखमी असल्याने त्याला संघात मनोहर हर्डीकर हवे होते. फलंदाजाच्या जागी फलंदाज, असा साधा हिशेब. मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांनी मात्र ऑफस्पिनर जसू पटेल यांचा आग्रह धरला. मैदानावर संघ ज्याला चालवायचा आहे त्याचा शब्द मोठा की कचेरीत बसणाऱ्याचा? उम्रीगरने कसोटीच्या तोंडावर कर्णधारपदाचा राजीनामा दिला, आणि तरीही तो त्या सामन्यात मांकड यांच्या हाताखाली साधा खेळाडू म्हणून खेळला. दिल्लीला हेमू अधिकारी कर्णधार झाले. पाच सामने, चार कर्णधार! मालिका भारताने ३-० अशी गमावली. उम्रीगरकडे भारताचे नेतृत्व पुन्हा कधीच आले नाही.

इतिहासाचा विनोद पुढेच आहे. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला त्याच जसू पटेल यांनी सामन्यात १४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला लोळवले. दुसऱ्या डावात त्यांना दुसऱ्या टोकाने साथ कोणी दिली? २७ धावांत ४ बळी घेणाऱ्या उम्रीगरने. म्हणून पटेल वाईट गोलंदाज होते असे कोणी समजू नये. वाद त्यांच्या गुणवत्तेचा नव्हताच, निवडीच्या अधिकाराचा होता.

१९६२ चा वेस्ट इंडिज दौरा हा त्याचा अखेरचा. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारी पोहोचले, तेव्हा रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते आणि उम्रीगरही. नेतृत्व २१ वर्षांच्या पतौडींकडे गेले. संघातील ज्येष्ठ खेळाडू त्यांच्या हाताखाली निमूट खेळला. पोर्ट ऑफ स्पेनला छत्तिसाव्या वर्षी त्याने ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय १०७ धावांत ५ बळी घेतले. भारत तरीही सात गडी राखून हरला.

त्याच दौऱ्यात त्याने कसोटी क्रिकेटला निरोप दिला, तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके हे तिन्ही भारतीय उच्चांक त्याच्या नावावर होते. १९६२ मध्येच पद्मश्री मिळाली. पुढे तो राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष झाला. मंडळाच्या कार्यकारी सचिवपदाची खुर्चीही त्याने सांभाळली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्याचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देते, तो आज पॉली उम्रीगर यांच्याच नावाने दिला जातो.